एकतीस बारा नव्व्याण्णव

नव्या मशीनवर दोन हजार तीनशे सहा, जुन्या मशीनवर दोन हजार दोनशे पासष्ट. फरक एकेचाळीसचा.

शुक्रवारी दुपारी निशांतने हे दोन आकडे एकाखाली एक लिहून कागद जयमालाच्या टेबलावर ठेवला. वजाबाकी करायची तिला गरज पडली नाही. ते एकेचाळीस कोण आहेत हे तिला त्याच क्षणी कळलं.

"मॅडम, तुमच्या प्रोग्रॅममधून एकेचाळीस सिलिंडर गायब आहेत," निशांत म्हणाला. तो नवा प्रोग्रॅम विकणाऱ्या वाशीच्या कंपनीचा माणूस. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, कमरेला पेजर लावलेला, मनाने वाईट नसलेला. "जुना डेटा आहे, होतं असं. टेन्शन नका घेऊ."

बघते, असं जयमाला म्हणाली. एवढंच म्हणाली. कागदाची घडी करून तिने ती पर्समध्ये ठेवली आणि समोरच्या स्क्रीनवरच्या हिरव्या अक्षरांकडे पाहत बसली. सांगायला एक मिनिट लागलं असतं. ते मिनिट तिने जाऊ दिलं.

रबाळ्याच्या एमआयडीसीत वरदश्री गॅसेस नावाची ही छोटी कंपनी. टँकरमधून द्रवरूप ऑक्सिजन यायचा, इथे तो सिलिंडरमध्ये भरला जायचा, आणि टेंपोंतून आसपासची वर्कशॉपं आणि नर्सिंग होमं यांना पोचायचा. माणसाच्या खांद्याएवढा उंच लोखंडी सिलिंडर, आत दीडशे किलोचा दाब. म्हणून प्रत्येकाच्या मानेवर नंबर ठोकलेला असतो, आणि दर पाच वर्षांनी त्याला पाण्याचा दाब देऊन तपासावं लागतं. तपासणीची तारीख उलटलेला सिलिंडर भरायचा नाही. कुठल्या नंबराची तारीख कधी उलटते हे सांगायचं काम गेली दहा वर्षं जयमालाचा प्रोग्रॅम करत होता. रोज सकाळी मशीनमधून स्लिपा निघायच्या. ज्याच्या नावाची स्लिप निघाली, तोच भरायचा.

जयमाला देवरुखची. गणित घेऊन बी.एस्सी. झाली, लग्न होऊन कोपरखैरण्याला आली, तेव्हा सिडकोच्या त्या घरांच्या पलीकडे बोनकोड्यापर्यंत मोकळं रान होतं. सत्त्याऐंशी साली ती वरदश्रीत टायपिस्ट म्हणून लागली. पुढच्या वर्षी मालकांनी, रावसाहेबांनी, कॉम्प्युटर घेतला. त्याच्यासाठी वेगळी काचेची खोली केली, एसी लावला. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. पहिले चार महिने रावसाहेब आल्यागेल्याला ती खोली दाखवायचे आणि आत कुणी काहीच करायचं नाही. मग जयमालाने वाशीला संध्याकाळचा क्लास लावला आणि वैदेहीला, दुधाचे दातही पडायचे होते त्या मुलीला, शेजारी ठेवून सहा महिने डेटाबेस शिकली. प्रोग्रॅम तिने स्वतः लिहिला. एकेक ओळ. आजूबाजूच्या कंपन्यांचे लोक तो बघायला यायचे, आणि रावसाहेब सांगायचे, आमच्या बाईंनी केलाय, बाहेरचा माणूस नाही.

चूक त्या पहिल्या वर्षातलीच होती. तिला तेव्हा ती चूक वाटली नव्हती.

झालं असं की यार्डवर देखरेख करणारे झहूरभाई एक दिवस वर आले. उरणजवळच्या मोऱ्याचे, तेव्हा चाळिशीचे. सिलिंडरला ते बाटला म्हणत. म्हणाले, एक बाटला आलाय, तारीख ठीक आहे, पण वजन कमी भरतंय, आतून गंजला असणार. बाटला गिऱ्हाइकाचा आहे, तो कळवेपर्यंत मोडताही येत नाही. तर हा भरू नका असं मशीनला सांगून ठेवा. जयमालाच्या फाइलीत तशी जागाच नव्हती. नंबर, मालक, मागची तपासणी, पुढची तपासणी, बस्स. नवा रकाना घालायचा तर फाइल मोडून पुन्हा बांधावी लागली असती, आणि ते करताना सगळा डेटा उडाला तर, या भीतीने तिने पळवाट काढली. त्या सिलिंडरच्या पुढच्या तपासणीच्या जागी तिने ३१/१२/९९ घातलं. नव्व्याण्णव साल तेव्हा दहा वर्षं लांब होतं. पाच वर्षांच्या हिशोबात कुठल्याच सिलिंडरला ती तारीख येणं शक्य नव्हतं. प्रोग्रॅममध्ये दोन ओळी वाढवल्या, की ही तारीख दिसली तर स्लिप काढू नये आणि योग्य सिलिंडरांत हा धरू नये.

खाली यार्डात झहूरभाईंनी आपल्या परीने खूण केली. त्यांचे वडील मोऱ्याच्या धक्क्यावर मचव्यांची डागडुजी करायचे, आणि ज्या फळीचा भरवसा नाही तिला काथ्याची दोरी गुंडाळून बाजूला ठेवायचे. झहूरभाईंनी त्या बाटल्याच्या गळ्यात काथ्याची दोरी बांधली. तेव्हापासून शेडच्या मागच्या कोपऱ्यात दोरी बांधलेल्या बाटल्यांची रांग उभी राहिली. नियम एकच होता. दोरी यार्डाने बांधायची, पण सोडायची ती वरून कागद आल्यावरच. दहा वर्षांत तो नियम कधी चुकला नाही.

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात तपासलेल्या काही सिलिंडरांना खरोखरच ३१/१२/९९ ही तारीख आली. जयमालाने गुपचूप ३०/१२/९९ लिहिलं. पुढच्या महिन्यापासून दोन हजार साल येऊ लागलं, मशीन शून्य शून्य म्हणजे एकोणीसशे समजायला लागलं. तेही तिने दोन रविवार बसून सावरलं. त्यामुळे आता, नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत, सगळीकडे दोन हजार सालाचा बाऊ चालला होता तेव्हा ती मनात हसायची. आमच्याकडे ते साल पंच्याण्णवमध्येच येऊन गेलं.

पण रावसाहेब धास्तावले होते. मशीन जुनं झालेलं, सुटे भाग मिळत नव्हते, तपासणीला येणारे सरकारी साहेब प्रत्येक सिलिंडरचा मागचा सगळा इतिहास छापून मागू लागले होते. त्यांनी निशांतच्या कंपनीला बोलावलं, नवीन मशीन चाचणीसाठी शेजारच्या टेबलावर बसवलं, आणि गुरुवारी जयमालाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मला यातलं काही समजत नाही. सोमवारी अकरा वाजता मला एका पानावर लिहून द्या, नवा घ्यायचा की जुनाच दुरुस्त करून चालवायचा. तुम्ही नाही म्हणालात तर नाही.

निशांतने त्याआधीच रावसाहेबांना सांगून ठेवलं होतं की नवा प्रोग्रॅम इतका सोपा आहे की दहावी झालेली कुठलीही मुलगी चालवेल. ते जयमालाने दारातून ऐकलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सुभाष ग्रिलजवळ बसून जुनंच वर्तमानपत्र वाचत होता. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या त्याच्या कंपनीला टाळं लागून सात महिने झाले होते. रोज सकाळी तो गेटवर जाऊन यायचा. आतल्या खोलीत वैदेही भूमितीची प्रमेयं मोठ्याने पाठ करत होती. दहावीला पंधरा दिवस उरले होते. जयमालाला त्या आवाजाचं एरवी बरं वाटायचं, आज प्रत्येक ओळीला धाकधूक वाटली. मुलीची अकरावी, तिचा क्लास, हे सगळं त्या काचेच्या खोलीवर उभं होतं.

तिने सुभाषला सगळं सांगितलं. तो हुशार माणूस, पंधरा वर्षं मशीन शॉपमध्ये काढलेला. त्याला लगेच कळलं.

"म्हणजे नवा प्रोग्रॅम खराब सिलिंडर पास करतोय," तो म्हणाला.

"हो."

"मग तेवढंच सांग सोमवारी. खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण का पास करतो ते विचारतील."

"विचारू देत. त्याचं त्याला शोधू दे. तुझी खूण त्याने खरी तारीख समजून उचलली, अजून दहा महिने बाकी असलेली, तर तो त्याचा आंधळेपणा. तू कशाला स्वतःच्या हाताने त्याला दिवा दाखवतेस?"

तो म्हणत होता त्यात तसं काही खोटं नव्हतं, हेच अवघड होतं. नव्या मशीनने गंजलेले, भाजलेले सिलिंडर योग्य म्हणून दाखवले एवढं कानावर गेलं की रावसाहेब त्याच दिवशी निशांतला घरी पाठवतील. जुनंच चालेल. तीही चालेल. आणि तिने खरं सांगितलं, की दहा वर्षं सरकारला दाखवायच्या नोंदींत तिने एक खोटी तारीख लिहिली आणि तिचा अर्थ फक्त तिलाच माहीत आहे, तर जुना प्रोग्रॅम ठेवायला एकही कारण उरत नव्हतं.

शनिवारी तिने रजा घेतली होती. वैदेहीच्या शाळेत हॉल तिकीट घ्यायला पालकांना बोलावलं होतं. रविवारी तिने वैदेहीच्या रफ वहीचं मागचं पान फाडून मजकूर लिहिला. 'नव्या प्रोग्रॅमच्या चाचणीत भरण्यास अयोग्य असे ४१ सिलिंडर योग्य म्हणून दाखवले गेले. सबब जुनाच प्रोग्रॅम चालू ठेवावा.' तिने तो चार वेळा वाचला. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता.

सोमवारी ती नवाच्या आधीच कंपनीत पोचली आणि वर न जाता यार्डात गेली. विचार असा होता की ते एकेचाळीस एकदा मोजून, नंबर टिपून घ्यावेत, म्हणजे रावसाहेबांना हवं तर खाली आणून दाखवता येतील. झहूरभाई चहाचा कप घेऊन बाकड्यावर बसले होते. आता दाढी पूर्ण पांढरी. तिला पाहून उठले.

शेडच्या मागच्या कोपऱ्यात दोघं मोजायला लागले. ती नंबर वाचायची, झहूरभाई बोटाने दोरी चाचपायचे. रांग संपली. तिने वहीतल्या रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"झहूरभाई, एकोणचाळीसच आहेत."

"दोन गेलं ना शनवारी," झहूरभाई म्हणाले. "कागद आला व्हता."

"कुठला कागद?"

"तुमचाच. वरचा. मना वाटला, तुमी बघलं असल."

दोरी कुणी सोडली, असं तिने विचारलं, आणि झहूरभाईंनी सरळ तिच्याकडे पाहून सांगितलं, "मी सोडली. कागद आल्याबिगर मी सोडनार हाय का बाय?"

मग हळूहळू उलगडलं. शनिवारी ती नव्हती. निशांतने नव्या मशीनवर स्लिपा छापून बघितल्या. कागद वरदश्रीचाच, प्रिंटर तोच. छापलेल्या पंधरा-वीस स्लिपा त्याने ट्रेमध्ये ठेवल्या आणि जेवायला गेला. यार्डातला माणूस रोजच्या फेरीला वर आला, ट्रे रिकामा केला, खाली घेऊन आला. रोजच्या स्लिपांत त्या मिसळल्या. त्यांत दोन नंबर दोरीवाल्यांचे होते. झहूरभाई कागद हातात घेऊन थोडा वेळ थांबले होते म्हणे. पण दहा वर्षांत वरचा कागद कधी चुकला नव्हता.

एक बाटला भरून शेडमध्येच उभा होता, २८७१. दुसरा आज सकाळी आठच्या टेंपोने गेला होता. जयमालाने डिलिव्हरीच्या वहीत नंबर शोधला. ४४१७, घणसोली गाव, बाबासोंचं ग्रीलचं वर्कशॉप.

४४१७ तिला पाठ होता. त्र्याण्णव साली तुर्भ्याच्या एका गोदामाला आग लागली, तिथून आलेला. एका बाजूने रंगाचे फोड उठलेले, पोलाद किती भाजलंय ते कुणाला सांगता येत नव्हतं. पुढे कधीतरी त्याला कुणीतरी नवा रंग मारला. आता तो बाकीच्यांसारखाच काळा, पांढऱ्या गळ्याचा दिसत होता. कारण मशीनमध्ये नव्हतं. दोरीवरही नव्हतं. फक्त तिच्या डोक्यात होतं, आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता तिने ते डोक्यातच ठेवलं होतं.

पर्समधला कागद पर्समध्येच राहिला. ती जिना चढून थेट केबिनमध्ये गेली. निशांत समोरच बसला होता. रावसाहेबांनी मान वर केली, अजून अकरा वाजायचे आहेत असं काहीतरी म्हणाले. तिने बसायच्या आधीच सुरुवात केली.

"एकतीस बारा नव्व्याण्णव ही तारीख नाही, साहेब. ती माझी खूण आहे. भरू नये म्हणून. दहा वर्षांपूर्वी मी घातली. नव्या मशीनने ती तारीख धरली. मला शुक्रवारीच कळलं होतं, मी बोलले नाही. शनिवारी दोन भरले गेले. एक खाली आहे, एक घणसोलीला गेलाय."

रावसाहेबांनी फोन ओढून विचारलं, बाबासोकडे फोन आहे का. नव्हता. शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर होता, तो लागेना. रावसाहेब उठले. खालचा मी बघतो, म्हणाले, तुम्ही झहूरला घेऊन निघा, आधी तो बंद करा, मग बोलू.

टेंपोत झहूरभाई, ड्रायव्हर आणि मध्ये जयमाला. रबाळे ते घणसोली काही लांब नाही, पण त्या दिवशी प्रत्येक वळणावर ट्रक आडवा. झहूरभाईंच्या मांडीवर व्हॉल्व्हची चावी होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. गावठाणाच्या तोंडाशी टेंपो अडला, पुढे गल्लीत शिरेना. एका बाजूला भाड्याच्या खोल्यांची रांग, दुसऱ्या बाजूला पाण्याची पिंपं, मध्ये शाळेला निघालेली पोरं. दोघं उतरून चालू लागले. चालता चालता जयमाला धावायला लागली, साडी एका हाताने धरून. गल्लीच्या शेवटी निळसर उजेड उडताना दिसला. बाबासोंनी कटिंग सुरू केलं होतं.

बाबासो इस्लामपूरकडचे. बनियनवर, डोळ्यांवर काळा चष्मा, समोर कुणाच्या तरी बाल्कनीची जाळी. झहूरभाईंनी हात वर करून ज्योत बंद करायला सांगितलं. बाबासोंनी चष्मा कपाळावर चढवला.

"आवो सकाळी धाडला आन् लगी न्यायला आला? लेकीचं माहेरपण चाललंय व्हय बाटल्याचं?"

"बंद करा आधी," जयमाला म्हणाली. "तो बाटला खराब आहे. आमची चूक आहे. सगळ्यांना बाहेर काढा."

बाई इतक्या हळू आवाजात बोलली म्हणून असेल, बाबासोंनी लगेच नॉब फिरवला. ज्योत विझली. झहूरभाई बाटल्यापाशी गेले, गुडघ्यावर बसले, आणि चावी लावून व्हॉल्व्ह बंद करू लागले, इतक्या सावकाश की जयमालाला वाटलं ते फिरवतच नाहीत. मग नळी सोडवली. बाबासोंच्या दोन माणसांनी हातगाडी आणली. वर्कशॉपात सगळीकडे तेल, चिंध्या, ठिणग्या. ऑक्सिजन सुटला की भडका उडाला असता, म्हणून तिथे तो रिकामा करणं शक्य नव्हतं, आणि भरलेला तसाच टेंपोतून परत नेणंही नको. शेवटच्या घराच्या मागे खाडीकडे मोकळी जागा होती. तिथपर्यंत दोनशे पावलं त्यांनी हातगाडी ढकलत नेली. पुढे जयमाला, लोकांना बाजूला करत. एक म्हातारा ओट्यावर बिडी ओढत बसला होता, त्याला तिने बिडी विझवायला सांगितली. त्याने विचारलं, तू कोन सांगनारी. मग गाडीवरच्या बाटल्याकडे पाहिलं आणि बिडी दगडावर घासली.

झहूरभाईंनी सगळ्यांना लांब पाठवलं. जयमालाही जायला हवी होती. ती पंधरा पावलांवर थांबली.

"बाय, मागं व्हा."

"इथेच थांबते."

"तुमची पोर दहावीला हाय ना? मागं व्हा."

ती मागे झाली. व्हॉल्व्ह जरासा उघडला, बारीक शीळ सुरू झाली. त्या शिळेत पाऊण तास गेला. झहूरभाई एकटे बाटल्याच्या बाजूला, तोंड फिरवून, एक हात चावीवर. मधूनच पोलादावर तळहात ठेवून बघायचे, तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. जयमाला घड्याळ बघत नव्हती. तिच्या मनात एकच हिशोब चालला होता. शुक्रवार तीनपासून आतापर्यंत किती तास झाले, आणि त्यातल्या कुठल्याही तासाला ती बोलली असती तर.

शीळ बारीक होत होत थांबली. झहूरभाईंनी खिशातून काथ्याची दोरी काढली आणि ४४१७ च्या गळ्यात पुन्हा बांधली. दोन गाठी मारल्या.

दुपारी चार वाजता रावसाहेबांच्या केबिनमध्ये तिघं बसले. खालचा २८७१ रावसाहेबांनी स्वतः उभं राहून रिकामा करवला होता. त्यांच्या सदऱ्याला घामाचे डाग पडले होते. निशांत म्हणाला, चाचणीच्या स्लिपा वेगळ्या कागदावर काढायला हव्या होत्या, चूक त्याची. जयमाला म्हणाली, ती चूक दुसरी. पहिली तिची. रावसाहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "बाई, जुनाच ठेवला असता, आणि उद्या तुम्ही आला नसता. कायमच्या. तर ती तारीख कुणाला कळली असती?"

काचेच्या खोलीतलं ते हिरव्या अक्षरांचं मशीन तिला इथून दिसत होतं.

"कुणालाच नाही."

"मग लिहा तुमचा कागद. सकाळचा असेल तर तो राहू द्या."

तिने त्यांच्यासमोरच लिहिला. 'जुना प्रोग्रॅम ठेवू नये. नवा घ्यावा, पण आज सुरू करू नये. त्यात भरू नये असा वेगळा रकाना हवा आणि त्याचं कारण लिहायला जागा हवी. रोखलेल्या सिलिंडरांची कारणं भरून होईपर्यंत एकही स्लिप नव्या मशीनवरून काढू नये. ३१/१२/९९ ही नोंद मी केली आहे.' खाली सही केली. रावसाहेबांनी वाचून कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. सरकारी साहेबांना मीच सांगेन, म्हणाले. आणि थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, जूनअखेरपर्यंत हे काम चालेल ना, असं विचारलं. चालेल, ती म्हणाली. त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. घरी सुभाषला काय सांगायचं ते मात्र तिला आता माहीत होतं: नोकरी जूनपर्यंतच.

मंगळवारी सकाळी तिने आपली खुर्ची नव्या मशीनपाशी ओढली. निशांतने रकाना तयार केला होता. कारणासाठी त्याने वीस अक्षरांची जागा ठेवली होती. पुरणार नाही, असं ती म्हणाली. किती ठेवू, त्याने विचारलं.

"ऐंशी ठेव."

त्याने ऐंशी ठेवली. मग तो नंबर वाचू लागला आणि ती कारणं टाइप करू लागली. ४४१७, त्र्याण्णवच्या आगीत भाजलेला, बाजूला फोड होते, वर रंग दिलेला आहे. २८७१, वजन अडीच किलो कमी, आतून गंज. १०३६, वेल्डिंगच्या ठिणगीचा मानेजवळ खड्डा. एकामागून एक ती न थांबता सांगत गेली. निशांत मधूनच तिच्याकडे बघायचा. हे सगळं तुम्हाला पाठ आहे मॅडम, त्याने एकदा विचारलं. त्यात कौतुक होतं. दोन दिवसांपूर्वी तिला त्याचा अभिमान वाटला असता.

अडतिसाव्या नंबराला ती थांबली. २०९३.

निशांतने नंबर पुन्हा वाचला. तिने डोळे मिटले. कुठल्या साली आला, कुणाचा होता, झहूरभाई काय म्हणाले होते. काहीच येईना. तिने खाली फोन लावला. झहूरभाई शेडमध्ये जाऊन बघून आले. दोरी आहे म्हणाले, गाठ त्यांचीच आहे, पण का बांधली ते त्यांनाही आठवत नव्हतं. बाहेरून बाटला अगदी चांगला दिसतोय, म्हणाले.

जयमालाने रिसीव्हर खाली ठेवला. समोर ऐंशी अक्षरांची मोकळी जागा लुकलुकत होती. निशांत वाट बघत होता. तिने चष्मा पदराने पुसला, परत लावला, आणि टाइप केलं.

कारण आठवत नाही. भरू नये.